हिरव्या पट्टीला हात लावायचा नाही

४ मार्च, सकाळ
आजपासून रोजनिशी. मला अक्षर येत नाही, पण त्यावाचून काही अडत नाही. नातीने तिच्या जुन्या टॅबवर एक पान करून दिलंय. गोल बटण दाबायचं, बोलायचं, परत दाबायचं. पान ऐकतं आणि लिहून घेतं. बटणाशेजारी तिने शोभेला एक छोटा मासा काढलाय. त्या माशाबद्दलही ती काहीतरी सांगत होती, पण तेवढ्यात दूध उतू जायला आलं, म्हणून मी नुसतं हो हो केलं.
माझ्याइतकी खासगी रोजनिशी जगात दुसरी नसेल. लिहिणारीलाच वाचता येत नाही.
संकल्प. एक, रोज बोलायचं. दोन, खरं बोलायचं. तीन, नातीच्या कामात लुडबूड करायची नाही.

४ मार्च, दुपार
तिसऱ्या संकल्पाबद्दल. सल्ला म्हणजे लुडबूड नव्हे.

५ मार्च
नात वेबसाइट बनवते. ऑफिस सोडलं तिने. तिथला साहेब तिच्या कामावर स्वतःचं नाव लावायचा. आता जेवणाच्या टेबलावर तिचं ऑफिस आहे आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. तिचं स्वतःचं हे पहिलं काम. एक चष्मेवाला आहे, तो एकवीस तारखेला नवं दुकान उघडतोय. लोकांनी घरबसल्या फोनवरून डोळे तपासायची वेळ घ्यायची, असं पान त्याला हवंय. हे जमलं तर त्याच्या भावाच्या दवाखान्याचं कामही तिलाच. नाही जमलं तर परत त्या साहेबापुढे जाऊन उभं राहायचं. ती म्हणते, त्यापेक्षा मी भांडी घासेन. भांडी घासताना मी तिला आजवर पाहिलेलं नाही, पण भावना पोचली.
मला तिने टेस्टर नेमलंय. म्हणाली, "आजी, तुला जमलं तर कुणालाही जमेल."
एवढा मान या घरात मला कुणी दिला नव्हता.

६ मार्च
आज इव्हेंट शिकले. पानावर काहीही घडलं, बोट लागलं, कुणी काही टाइप केलं, पान उघडलं, तर तो इव्हेंट. बटण मुळात बहिरं असतं. त्याला अ‍ॅड इव्हेंट लिसनर लावला की कान येतात. मग क्लिक झालं की ते उठून सांगितलेलं काम करतं.
आपल्याकडे तरी काय वेगळं आहे. दाराची बेल सगळ्यांना ऐकू येते, उठते मी एकटी. म्हणजे या घरात लिसनर फक्त मला लावलाय. सुनेचा दुपारी काढून ठेवलेला असतो.
सून भाजीत मीठ फार टाकते. तिला बोलणार नाही. माझं धोरण ठरलेलं आहे: तोंड बंद, नजर बोलकी.

७ मार्च
भाजीत मीठ बेताचं. काल जेवताना मी फक्त एकदा तिच्याकडे पाहिलं होतं. नजरेत दम असावा लागतो.

९ मार्च
सुईत दोरा ओवण्यात अर्धी सकाळ गेली. हल्ली सुयांना भोकंच नीट पाडत नाहीत. शेवटी मुलाने ओवून दिला आणि वर म्हणाला, आई, एकदा डोळे दाखवून घे. मी म्हटलं, आधी तू स्वतःचं पोट दाखवून घे.
माझी नजर शाबूत आहे. परवा जिन्यातून शेजारीणबाईंना लांबून ओळखलं, हाक मारली, तब्येत विचारली. बाई एक अक्षर बोलल्या नाहीत. फार ताठा. सून म्हणते तो वाळत घातलेला गाउन होता. तिने शेजारणीची बाजू घेतली नाही असं कधी झालंय?

१० मार्च
टेस्टिंग जोरात. पानावर प्रत्येक वेळेचं एकेक बटण आहे. दाबलं की ते करडं पडतं आणि झोपतं. त्याला डिसेबल्ड म्हणतात. मग कुणी कितीही दाबा, उठत नाही. मी ओळीने सगळी झोपवते, संध्याकाळी नात उठवते, दुसऱ्या दिवशी मी परत झोपवते. पोरं लहान असताना याच्या निम्मं जरी जमलं असतं!
एक दोष मात्र काढला. पान नाव विचारतं ते ठीक, पण फोन नंबरही विचारत होतं. मी म्हटलं, अनोळखी बटणाला कोण नंबर देईल? नात म्हणाली, नंबर लागतो, नाहीतर एकच माणूस सगळ्या वेळा घेऊन बसेल. मी म्हटलं, असं कोण वेडं बसलंय?
ती ऐकेना. मग ती अंघोळीला गेली असताना चष्मेवाल्याचा फोन आला, तो मी उचलला. इथली टेस्टर बोलतेय म्हणून सांगितलं आणि विषय त्याच्या कानावर घातला. त्याला एकदम पटलं. फक्त नाव ठेवा म्हणाला.
त्याने नातीला तसं कळवलं, माझं नाव निघालं नाही. ती दार आपटून कामाला बसली. नंबर काढला. नाव एकदा सांगितलं की पान ते लक्षात ठेवतं, परत सांगावं लागत नाही, त्याला लोकल स्टोरेज म्हणतात. मी नाव सांगितलं: आजी.

१२ मार्च
स्टॉप प्रोपगेशन. हे मी आधीपासून जाणते, नाव आज कळलं. पानात डब्यात डबा असतो. आतल्या डब्यावर क्लिक केलं की ते बाहेरच्याला कळतं, त्याच्याकडून त्याच्या बाहेरच्याला, असं वर चढत जातं. घरातही पोराची तक्रार आईकडे, आईकडून बापाकडे, मग माझ्याकडे यायची. मधल्याने स्टॉप प्रोपगेशन म्हटलं की तिथेच खुंटलं. सून गेली कित्येक वर्षं हेच करते. म्हणून या घरातली एकही बातमी माझ्यापर्यंत पोचत नाही.
प्रिव्हेंट डीफॉल्ट म्हणजे एखाद्याची जी मूळ खोड, ती ऐन वेळी रोखायची. नात म्हणाली, हे तुला लावायला हवं. कशाबद्दल म्हणाली ते लक्षात आलं नाही.
खुर्ची पाठीला टोचते. उशी असती तर. पण मागणाऱ्यातली मी नाही.

१३ मार्च
मुलाने उशी आणली. काल ओझरतं पाहिलं होतं त्याच्याकडे, तेवढं पुरलं.
सून सकाळपासून शेजारी बसून बातम्या सांगतेय. तिच्या मावशीचं गुडघ्याचं ऑपरेशन, मावशीच्या जावेचा पित्ताचा त्रास, जावेच्या मुलीची बदली, बदलीच्या गावातलं पाणी. दुपार झाली तरी पाणी संपेना. नजर जरा जपून वापरायला हवी.

१६ मार्च
पान तयार झालं. आता टॅबवर दोन चौकोन आहेत, एक माझा टेस्टिंगचा आणि एक दुकानाचा, खरा. आतून दोन्ही सारखे, फक्त वर पट्टी वेगळी. नातीने मला समोर बसवून सांगितलं, "आजी, लाल पट्टी तुझी. हिरव्या पट्टीला हात लावायचा नाही. तिथे दाबलंस तर खरी वेळ जाईल."
मला रंग शिकवते! अख्ख्या आळीचे स्वेटर मी विणलेत. पोपटीच्या जागी शेवाळी लोकर माझ्या हातून कधी गेली नाही. यंदा मुलाच्या स्वेटरच्या बाह्या वेगवेगळ्या रंगाच्या निघाल्या असं सून म्हणते, पण ती हल्लीची फॅशन असेल.
टेस्टर म्हणून नोंद: दोन्ही पट्ट्या मातकट ठेवल्यात. रंग जरा उठावाचे हवेत. नातीला नंतर सांगेन, सध्या ती धावपळीत आहे.

१७ मार्च
रिकामं बसवेना. माझ्या पानावर एकवीस तारखेची सगळी बटणं ओळीने झोपवली. एकही अडलं नाही. नातीचा हात बसलाय आता.

१८ मार्च
चष्मेवाल्याचा फोन! एकवीस तारखेच्या सगळ्या वेळा एका दिवसात भरल्या. आणि सगळ्या आज्याच आज्या. तो म्हणतो, म्हाताऱ्या माणसांत बातमी वाऱ्यासारखी पसरलेली दिसते. त्याने हात टेकायच्या खुर्च्या मागवल्यात, पायरीवर उतरण लावून घेतोय, आणि त्या दिवसापुरती मदतीला एक बाई ठेवलीय.
नातीने मला उचलून गिरकी घेतली. मी म्हटलं, माझा पायगुण. ती म्हणाली, अगदी खरं.
माझ्या पानावरची बटणं मात्र अजून झोपलेलीच. आनंदाच्या भरात उठवायची विसरली असेल. आठवण केली नाही. संकल्प तीन.

२० मार्च
चांगले कपडे काढून ठेवले. चष्मेवाला चार शब्द बोलायला लावेल, म्हणून भाषण पाठ केलं. सुरुवात अशी: मी काहीच केलं नाही.

२१ मार्च, दुपार
दुकान छान. खुर्च्या छान. उतरण छान.
पहिली वेळ, कुणी नाही. दुसरी, कुणी नाही. चष्मेवाला टाय सारखा करत दारात उभा. म्हणाला, आज्या आहेत, हळूहळू चालत येतील. मदतीला ठेवलेली बाई एकेका खुर्चीत बसून पाहायला लागली.
नातीने त्याच्याकडून यादी मागून घेतली. वाचली. परत वाचली. मग माझ्या पिशवीतला टॅब काढला, उघडला आणि माझ्यासमोर धरला. "आजी, ही पट्टी कुठल्या रंगाची आहे?"
मी म्हटलं, लाल. प्रश्न आहे का हा?
चष्मेवाल्याने पट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तपासायची खुर्ची पुढे ओढली. "बसा आजी. तुमची वेळ झालीये. सगळ्याच तुमच्या आहेत."

२१ मार्च, संध्याकाळ
अक्षर न येणाऱ्यांसाठी त्याच्याकडे चित्रांचा तक्ता आहे. होडी, घर, बदक. मी धडाधड सांगितलं. शेवटचं बदक म्हणून सांगितलं ते भिंतीवरचं विजेचं बटण निघालं. दुकानात उजेड कमी आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे म्हणतो, तो काढावा लागेल, तोवर चष्मा.
मग तो नातीकडे वळला. ती खाली मान घालून म्हणाली, चूक माझी आहे, नंबर काढायला नको होता. सल्ला माझा होता हे मी सांगणारच होते, पण मोठी माणसं बोलत असताना मध्ये पडणं बरं दिसत नाही. तेवढ्यात तोच म्हणाला, "नाही मॅडम, काढायला मीच सांगितलं. तुमच्या ऑफिसातल्या एक अनुभवी बाई फोनवर बोलल्या होत्या."
नात हळूच माझ्याकडे वळली. मी तक्त्यावरची होडी पाहत होते.
सोमवारी सगळं नीट करून दाखवा म्हणाला. भावाच्या दवाखान्याचं मग बघू.
येताना नातीने माझा हात धरला होता, पण अनोळखी बाईला रस्ता ओलांडून द्यावा तसा.

२३ मार्च
नंबर परत आला. एका नंबरला एकच वेळ. शिवाय नातीने एक जादा ओळ घातलीय, ती मला वाचून दाखवली. नाव आजी असेल तर पान आधी थांबून विचारणार: खरंच का?
म्हणजे दुकानाच्या कोडमध्ये मला कायमची जागा मिळाली.
संध्याकाळपर्यंत काही वेळा भरल्या. नातीने एकेका माणसाला फोन करून तो खरा आहे ना ते पाहिलं. मग बसल्या जागी टेबलावर डोकं टेकून हसली. बऱ्याच दिवसांनी.
चष्मेवाल्याच्या भावाने गुरुवारी बोलावलंय.

२६ मार्च, सकाळ
चष्मा आला. नात गेलीये भावाकडे.
बरंच दिसलं. सुनेचे केस पांढरे झालेत. छताला ओल आलीय. मुलाच्या स्वेटरची एक बाही हिरवी, दुसरी निळी. तो घालून तो हिवाळाभर ऑफिसला गेला आणि मला एक शब्द बोलला नाही.

२६ मार्च, दुपार
नात पेढे मिळाल्यासारखं तोंड करून आली. दवाखान्याचं काम मिळालं. त्या साहेबाला ती मुद्दाम फोन करून काहीच सांगणार नाहीये.
मी तिला टॅब दाखवला आणि विचारलं. बटणाशेजारी मासा नाहीये. डोळा आहे. उघडा.
ती म्हणाली, "आजी, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. डोळा उघडा असला की घरात सगळ्यांच्या फोनवर दिसतं. बोट लावून मिटवला की फक्त तुझं."
सगळ्यांच्या?
"बाबा ऑफिसला जाताना वाचतात. आई दुपारी वाचते. मलाच दुकानाच्या कामापायी एकदाही वाचायला वेळ मिळाला नाही, नाहीतर सतरा तारखेलाच पकडलं असतं. बाबांनी वाचलं, पण त्यांना वाटलं तुझं नेहमीचं."
म्हणजे मीठ. म्हणजे उशी. म्हणजे मावशीच्या जावेचं पित्त.
डोळा मिटवला.

२८ मार्च
डोळा मिटवून बोलतेय. आता खरी खासगी.
भाजी खारट. चहा कोमट. पाय टेकवायला काहीतरी हवंय. कालपासून एकेकाकडे नीट पाहिलं, नव्या चष्म्यातून, चांगलं रोखून. सून म्हणाली, "आई, चष्मा टोचतोय का? परत नेऊ या का त्यांच्याकडे?"

२९ मार्च
डोळा उघडलाय.
स्टूल. बुटकं. झालं, एवढंच.