पाकिटावरचा मळा

मेलबर्न, बुधवार

चि. स्याफ्रिल,

आशीर्वाद. माझे गुडघे बरे आहेत. तुझा खोकला गेला का?

काल लेकीने इथल्या एका दुकानात मला दुर्मीळ कॉफी पाजली. पाहते तर करवंटीत आपलाच सुमात्रातला कॉफीच्या पानांचा काढा!

"आजी, जपून प्या. असलं कुठं मिळायचं नाही," दुकानदार म्हणाला.

"अरे, यावरच वाढले मी!"

मग त्याने कौतुकाने त्या पानांचे पाकीट दाखवले. त्यावर आईच्या मळ्याचे चित्र होते आणि मालक म्हणून परक्याचे नाव.

आपल्या मिनांग लोकांत जमीन लेकींची असते, भावाने ती राखायची. तू मला न विचारता विकलीस, आणि पत्रांत लिहीत राहिलास, "ताई, झाडं छान बहरलीत."

आंधळ्या आईला काय सांगून तिचा अंगठा घेतलास? मी महिनाअखेरीस येते आहे. तोवर तिला खरे तूच सांग.

अजूनही तुझी बहीण,
युस्निदार