नवरदेवाची मोटार आणि झुंबरवहिनींचा हुंकार

चोपडे, माघ महिना, सन १९३७

तीर्थस्वरूप चुडामण नानांच्या पायांवर धाकटा मामेभाऊ पंडित याचं डोकं. इकडं आमच्या हिचा, कमलबाईचा, गुडघा सोडला तर बठ्ठं ठीक शे. तुमची खुशाली काय विचारू? झुंबरवहिनींना जाऊन दोन दिवाळ्या झाल्या, तेव्हापासून धुळ्याहून तुमची चार ओळींची चिठ्ठी नाही. नासीर मोटारवाला येऊन सांगतो की नाना दुकानात बसतात, कापड मोजून देतात, पण बोलत नाहीत, आणि ग्रामोफोनवर गोधडी टाकून ठेवलीय. माणूस गेलं म्हणून मशीनला थंडी वाजते होय? (रागावू नका. माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्यात आधी तुम्हीच म्हणाला होता.)

तर मी मुंबई पाहून आलो. रतिलालशेटसोबत सरकीच्या कामाला गेलो होतो. काम सकाळीच उरकलं, तेव्हा शेट म्हणाले, गिरगावात आज मास्तर गुणवंतांचा खेळ आहे, येता का? नाना, मी चपला घालूनच हो म्हटलं. मास्तर गुणवंत म्हणजे आपल्या ‘नवरदेवाची मोटार’ प्लेटचे. तुमच्या ओसरीवर शनिवारच्या बाजारानंतर किती वेळा ऐकली असेल ती प्लेट! पेटीतून ते मोटारीचा खोकला काढायचे, आपण मांड्या बडवायचो, आणि ते ‘ढकला’ म्हणाले की सुई तिथंच अडकायची. ढकला, ढकला, ढकला. मग तुम्ही बोटानं सुई पुढं सारायची, तेव्हा कुठं नवरदेव मांडवात पोचायचा.

खेळाला मी कमलबाईनं दिलेली पुरचुंडी घेऊनच गेलो. कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत. शेट म्हणत होते खोलीवर ठेवा, पण परगावी माणसानं अन्नापासून लांब जाऊ नये. दारावरच्या माणसानं दोनदा नाक ओढलं आणि माझ्याकडं पाहिलं, मी शेटकडं पाहिलं. आत शेजारी काळा कोट घातलेले एक गृहस्थ होते, त्यांनी पडदा उघडायच्या आधीच रुमाल नाकाला लावला. (भरीत आदल्या दिवशीचं होतं हे कबूल. पण रुमालालाही अत्तराचा वास होता, मी काही बोललो का?)

मास्तर आले. प्लेटवरच्या आवाजावरून मला वाटलं होतं चांगला आडवातिडवा गडी असेल, तर हे एवढंसं सुकलेलं माणूस, केस पिकलेले, पेटीपुढं बसले तर नुसता फेटा दिसावा. पण बोटं पेटीवर पडली आणि मोटार सुरू झाली. तीच, नाना. तोच खोकला, तीच करवली, तोच टायर. मी मुंबईत नव्हतोच, तुमच्या ओसरीवर होतो. गाणं त्या जागेला आलं, “आणि मोटार थांबली…” आणि मास्तर गप्प झाले, प्लेटवर होतात तसे.

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडं कुणी गोष्ट सांगायला लागलं आणि हुंकार आला नाही, तर गोष्ट पुढं जाते का? त्या जागेला वहिनी चुलीपुढून हटकून ‘मंग?’ म्हणायच्या. प्लेटीशी बोलतात म्हणून आपण त्यांना किती हसायचो, आणि त्या बिलकुल हसायच्या नाहीत. मी वाट पाहिली. एवढं मोठं थेटर, पण कुणी हुंकार देईना. शेवटी शेतातून हाक मारावी तशा आवाजात मी म्हणालो, “मंग?”

सगळं थेटर माझ्याकडं वळलं. दारावरचा माणूस धावत आला, शेट आपण माझ्यासोबत नाहीच अशा तोंडानं छताकडं पाहू लागले. मास्तरांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि कोण बोललं म्हणून विचारलं. मी पुरचुंडीसकट उभा राहिलो. म्हटलं, खान्देशातला आहे, आमच्याकडं प्लेट वाजते तेव्हा या जागी आमच्या झुंबरवहिनी हुंकार देतात. (गेल्या, असं मला तिथं म्हणवेना.) मास्तरांनी पेटीचा भाता मिटला. मग म्हणाले, “ती जागा मी दम घ्यायला ठेवली होती. तिथं कुणी माझ्याशी बोलत असेल, हे मला ठाऊक नव्हतं.” आणि त्यांनी मोटार पहिल्यापासून सुरू केली. त्या जागी आले, माझ्याकडं पाहिलं, आणि सगळं थेटर एका आवाजात ‘मंग?’ म्हणालं. नाना, मी रडलो. काळ्या कोटवाल्यांनी तोच रुमाल मला दिला, आणि पडदा पडल्यावर अर्धी भाकरी मागून घेतली.

एक मात्र सांगतो. मास्तर ‘ढकला’ एकदाच म्हणाले आणि पुढं गेले. तिकिटाच्या मानानं मला ते कमीच वाटलं.

वहिनींच्या तुळशीला माझा नमस्कार.

तुमचा,
पंडित

ता. क. येताना मास्तरांची नवी प्लेट आणलीय. माझ्याकडं मशीन नाही हे तुम्हाला माहीत आहे. तुमचं पडूनच आहे, तर नासीरच्या मोटारीतून पाठवून द्या.

ता. क. दुसरा. नासीरसोबत पाठवू नका. तो त्यावर सरकीची पोती ठेवील. मांडीवर घेऊन तुम्हीच या, आणि जुनी प्लेटही आणा.

ता. क. तिसरा. नवी प्लेट वगैरे मी काही आणलेली नाही. कमलबाई म्हणाली, खोटं लिहू नका, नाना तसेही येतील. तिला मी त्या जागी ‘मंग?’ म्हणायला सांगितलं, तर ती नाही म्हणते. म्हणते, झुंबरबाईंचा हुंकार आता नानांनीच द्यायचा, मी चुलीपुढून ऐकीन.