घर बघण्याची नियत

३ ऑक्टोबर, शुक्रवार. हुफूफ, सौदी.
जुम्यानंतर जेवताना अब्बांनी सांगितलं. खजुराच्या गोदामातली नोकरी डिसेंबरअखेर संपते. फायनल एग्झिट, म्हणजे देश कायमचा सोडायचा. व्हिसा देणारा मालक, कफील, अब्बांना म्हणाला, मोहियुद्दीन, एकोणतीस वर्षं झाली, खलास. रत्नागिरीत तिघांपुरतं भाड्याचं घर शोधायचं काम माझ्याकडे, कारण मी नेटवर हुशार. जलालमामूंच्या ओळखीचा एक ब्लॉक आहे, पण त्यांना एक नोव्हेंबरपर्यंत हो-नाही कळवायचं. गावच्या घरात शाहिदचाचांचे सहाजण, आणि मागच्या पडवीत आंब्याचे खोके. तिथे मी येणार नाही, असं अम्मीने कोणी सुचवायच्या आधीच सांगून टाकलं.
मी म्हटलं, चार दिवसांत यादी देते. उद्यापासून सुरुवात. आज सुट्टी.

४ ऑक्टोबर, शनिवार.
रत्नागिरीची घरं उघडली. प्रत्येक फोटोत एक पंखा आणि एक बादली. खालच्या जाहिरातीत सव्हाना निघालं. अमेरिकेच्या दक्षिणेतलं जुनं शहर. दीडशे-दोनशे वर्षांची घरं विकायला आहेत. हिरव्या झडपांच्या खिडक्या, नक्षीचा लोखंडी जिना, ओसरीला झोपाळा, समोरच्या झाडांवरून दाढीसारखं लोंबणारं राखी शेवाळ. जेवणानंतर पाच मिनिटं बघायला बसले. उठले तेव्हा असरची, दुपार कलतानाची अजान झाली.

६ ऑक्टोबर.
मनाला टोचणी. परक्याच्या घरात न विचारता डोकावणं गुनाह. चौथीपर्यंत अम्मीनेच घरी शिकवलं. तिच्या शाळेत उत्तर चुकलं तर चालायचं, लबाडी चालायची नाही. आणि मी काल एका माणसाच्या बेडरूममधल्या चपला झूम करून पाहिल्या.
दुपारी तोडगा सापडला. डोकावतो तो बघ्या. खरेदीदार पाहणी करतो. म्हणजे घर घ्यायची खरी नियत हवी. केली. आता टोचणी नाही.
किंमत पाहिली. शून्यं मोजली नाहीत. मोजली तर नियत कच्ची ठरते.

७ ऑक्टोबर.
यादीचा चौथा दिवस. नवीन अडचण. एक घर घ्यायची पक्की नियत असताना दुसरं बघणं म्हणजे पहिल्याशी बेइमानी. रत्नागिरी तात्पुरती थांबवली. अब्बांना सांगितलं, काम चालू आहे. ते म्हणाले, शाबास. (कुठलं काम ते मी बोलले नव्हते, त्यामुळे खोटं झालं नाही. पुन्हा विचार करायचा.)

१२ ऑक्टोबर.
सव्हानाचा फॉर्म भरला. घर कधी घेणार? पर्याय: लगेच, सहा महिन्यांत, नुसतं बघतोय. तिसऱ्यावर टिक करणं माझ्या बाबतीत खोटं ठरलं असतं. "सहा महिन्यांत" निवडलं.
अब्बा अकरालाच घरी. गोदामात काम उरलं नाही म्हणाले. बाल्कनीत बसून राहिले. त्यांना झोपाळा शोभेल.

१३ ऑक्टोबर.
एजंट लोरेटाबाईंचं उत्तर आलं. मला हनी म्हणतात. ओसरीचं छत निळं का, तर भुतं आत येऊ नयेत म्हणून. निळा रंग राहू द्यायचा, वर कुराणातली आयतुल कुर्सीही लावायची. त्यांचं आपसात भांडण नाही.
अम्मी म्हणाली, अगो, तिकडच्या बायांचे पडदे मोजून झाले असतील तर इथले धुवायला घे. माझी नियत समजावून सांगितली. तर म्हणे, नियत अल्ला बघतो, पण भाडेकरू कोण ते घरमालक बघतो. मामूंना फोन कर.
उद्या नक्की.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. सायंकाळी ५.
व्हिडिओवर घर पाहिलं. चारला, म्हणजे तिथे सकाळी नऊला. लोरेटाबाई फोन हातात धरून जिना चढल्या, धाप लागली. मला फार अपराधी वाटलं. माझ्यासाठी कोणी जिना चढलं नव्हतं.
मध्येच अम्मी डोक्याला टॉवेल गुंडाळून आली. सलाम केला. मला म्हणाली, विचार तिला, मासे साफ करायला मोरी कुठाय. विचारलं. बाई हसल्या, म्हणाल्या, तुझी आई मला आवडली. अम्मी म्हणाली, म्हणजे मोरी नाही.
शेवटी अंगणामागचं छोटं घर. बाई म्हणाल्या, गोड आहे, पाहुण्यांना देता येईल. मी विचारलं, पूर्वी इथे कोण राहायचं? म्हणाल्या, कामाची माणसं. मी विचारलं, पगारी? त्यांनी फोन खिडकीकडे वळवला. मग म्हणाल्या, खिडकी मूळचीच आहे, हनी. अम्मीने मान वाकडी करून पाहिलं. एवढीशी खिडकी, म्हणाली, माणूस श्वास कुठून घ्यायचा? ठेवणाऱ्याला एकदा आत कोंडायला हवं होतं.
ते घर कोणाला द्यायचं नाही. रिकामं ठेवायचं. ठरलं.

३१ ऑक्टोबर.
मामूंना फोन करायचा आहे. पण फोन केला की हो म्हणावं लागणार, आणि मग लोरेटाबाईंचा जिना फुकट गेला. उद्या एक तारीख. उद्याचा पूर्ण दिवस धरला आहे त्यात.

१ नोव्हेंबर, शनिवार.
मामूंचाच फोन आला, सकाळी. ब्लॉक बँकेतल्या एका बाईंना गेला. महिनाभर तुमच्यासाठी शब्द अडकवून ठेवला म्हणाले. अब्बांनी माझ्याकडे यादी मागितली. वहीत वर "रत्नागिरी" लिहिलेलं होतं, खाली रेघ. लपवणं बरोबर नव्हतं. सव्हाना दाखवलं.
अब्बा ओरडले नाहीत. चष्मा लावून सत्तावीसच्या सत्तावीस फोटो पाहिले. विचारलं, झोपाळ्यावर किती माणसं बसतात? मी म्हटलं, तीन. त्यांनी फोन परत दिला.

५ नोव्हेंबर.
लोरेटाबाईंचा मेल. घर गेलं. अटलांटाच्या जोडप्याने घेतलं. म्हणजे माझी नियत सुटली, आता रत्नागिरी बघायला मोकळी. एका बैठकीत एकोणीस घरं काढली. प्रत्यक्ष बघायला कोणीतरी जायला हवं. मामू रुसलेत. अम्मीला म्हणाले, तुझ्या लेकीला म्हणावं, अमेरिकेतून माणूस बोलाव.
अब्बांनी माझी यादी नीट वाचली. अक्षर चांगलं आहे म्हणाले. मग शाहिदचाचांना फोन लावला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.
चाचांनी पडवीचा फोटो पाठवला. खोके एका बाजूला सरकवलेत. लिहिलंय, तिघांची मजेत सोय होईल, खिडकी पण आहे.
फोटो झूम करून पाहिला. नियत करावी लागली नाही.
अम्मीनेही पाहिला. त्या दिवसासारखीच मान वाकडी करून. उठून बेडरूमचा पडदा उतरवला, फोटोतल्या खिडकीच्या अंदाजाने मधून दुमडला. मग आणखी एकदा दुमडला.