कँटीनशेजारची खोली

कळंबोली, ५ जानेवारी २००९

चि. पद्मजास दादाचे अ. आ.

कॉलेजच्या दारातल्या उताराला काय लागलं, असं विचारलंस. कागदावर चार गोणी सिमेंट आणि एक गवंडी. खरं म्हणजे माझ्या दोन सकाळी, प्राचार्यांचा अबोला आणि गवंड्याच्या शिव्या, ज्या मला बघणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून कळल्या. त्यानं पहिला उतार असा काढला होता की आभाची चाकाची खुर्ची बोरघाटातल्या ट्रकसारखी सुटली असती. फोडायला लावला.

आता तुझ्या लेकीला खोली हवी आहे. कँटीनशेजारची, तळमजल्यावरची. तिथे तिच्यासारखी मुलं जमणार, गाणी म्हणणार, नकला करणार, भांडणार. दवाखाना नाही, मदतकेंद्र नाही, कट्टा, असं तिनं मला दोनदा बजावलं. महिनाभर तात्पुरती मिळाली आहे, पण तीच खोली झेरॉक्सवाल्यालाही हवी आहे. चोवीस तारखेला समितीत ठरेल. दोघं इकडे, दोघं तिकडे, पाचवा मी.

मला पटत नाही. इतकी वर्षं आपण तिला सांगितलं, चारचौघांत मिसळ. आता वेगळं बसून साजरं काय करायचं? धंद्याच्या सुरुवातीला हातगाडी ओढताना मला फोड आले, ते मी कुणाला दाखवले नाहीत.

आणि फोन करत जाऊ नकोस, फोनवर माणूस निम्मंच बोलतो. माझे कान मात्र अजून तस्सेच. लोखंडाच्या मार्केटात सळई पडली की आठ मिलिमीटरची, दहाची की बाराची, तिच्याकडे न बघता सांगतो. व्यापारी पैजा लावतात आणि हरतात.

लोभ आहेच, तो पत्रानं कळव.

तुझा दादा
दीनानाथ


दापोली, ९ जानेवारी

ती. दादास पद्माचा सा. न.

पत्र पोचलं. फोडांची गोष्ट मी पन्नासदा ऐकली आहे, तेव्हा ते कुणाला दाखवले नाहीस, हे काही खरं नाही. परवा फोनवर तुला सांगत होते, आभाच्या बाबांचा पाय मुरगळलाय. तू छान छान म्हणालास आणि फोन ठेवलास. हे रुसले आहेत.

आभा इथे शाळेत चारचौघांतच होती. सगळे चांगले वागले. तिची खुर्ची उचलायला चौघं धावायचे, आणि सहलीत डोंगर चढायची वेळ आली की सगळ्यांची दप्तरं राखायला तिला झाडाखाली ठेवून जायचे. गेल्या आठवड्यात मला सांगत होती, कुणा सत्यजीतनं तिच्या खुर्चीच्या करकरण्याची नक्कल केली आणि सगळे तिला हसले. सांगताना तिला हसू आवरत नव्हतं. दादा, तिला आजवर कुणी चिडवलंच नव्हतं रे.

मत देण्याआधी एकदा त्या खोलीत जा. उभ्या उभ्या नको, बस.

माया पातळ करू नकोस, आणि फोनही नीट ऐकत जा.

तुझी पद्मा


कळंबोली, १७ जानेवारी

चि. पद्मास आ.

भाऊजींचा पाय कसा आहे? माझ्यावरचा राग सोडा म्हणावं.

गुरुवारी जाऊन बसलो. मी आत गेलो तर कुणी उठून उभं राहिलं नाही. निम्म्यांना उठता येत नाही हे कळतं, पण उरलेलेही बसूनच होते. सत्यजीतला दिसत नाही. माझा हात हातात घेऊन म्हणाला, लोखंडाचा वास येतोय, म्हणजे आभाचे मामा. पनवेलचीच हादिया नावाची मुलगी आणि तिचा भाऊ नावेद, दोघांना जन्मापासून ऐकू येत नाही. हादियानं आजोबांच्या सायकलची गोष्ट हातांनी सांगितली, आभानं ती आम्हाला बोलून दाखवली. हसलो, खोटं कशाला सांगू.

मग मी हातगाडीची गोष्ट काढली. ऐन रंगात आली आणि वीज गेली. खोलीला एकच खिडकी, तिच्यापुढे कपाट. मिट्ट काळोख. वीज आली, मान खाली केली तर हादिया माझ्याकडे टक लावून बघत होती. तिनं हातांनी नावेदला काही सांगितलं, दोघं हसले, आणि नावेदनं मला उठवून दिव्याकडे पाठ येईल अशा खुर्चीत बसवलं. तिथून सगळ्यांचे चेहरे लख्ख दिसत होते. ती काय म्हणाली ते आभा सांगेना.

तेव्हापासून चैन नाही. दुकानात बसतो, उठतो, काट्यापाशी जातो, परत येतो. चहा मागवतो आणि तो गार होतो. झेरॉक्सवाल्याला हो म्हणावं आणि सुटावं, असं वाटतं.

लोभ जपून ठेव, लागेलसं दिसतंय.

दादा


वसतिगृह, खांदा कॉलनी, १९ जानेवारी

ती. मामास आभाचा शि. सा. न.

तोंडावर सांगायला गेलं की तुम्ही विषय ट्रकवर नेता, म्हणून इथल्या इथे टपालानं.

अंधारात आम्ही सगळे बोलतच होतो. हातगाडीचं पुढे काय झालं, असं सत्यजीतनं तुम्हाला दोन-तीनदा विचारलं. वीज आली तेव्हा सगळ्यांची तोंडं हलत होती, तिघांची बंद होती. हादिया, नावेद आणि तुम्ही. आणि तिघंही वर ट्यूबलाइटकडे बघत होतात. हादिया म्हणाली, हे आपल्यातले आहेत, आणि त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. ती तुम्हाला हसली नाही, मामा. परगावी आपल्याकडचं माणूस भेटलं की हसू येतं ना, तशी हसली.

मला दिवाळीपासून माहीत आहे. आईलाही बोलले नाही. माझं मला लपवताच येत नाही. तुमचं लपतं, म्हणून तुम्ही दमता.

मत तुम्हाला हवं ते द्या. खोली गेली तर आम्ही पुन्हा आपापल्या वर्गात, दाराजवळच्या बाकापाशी, एकेकटे. खुर्ची तुमची राखून ठेवली आहे.

रागावलात तरी आशीर्वाद असू द्या.

तुमची आभा


कळंबोली, ९ फेब्रुवारी

चि. पद्मास आ.

आभानं तुला आता सगळं सांगितलं असेलच. खोली राहिली. समितीचे अध्यक्ष मिशांतल्या मिशांत बोलतात. त्यांना म्हटलं, साहेब, माझ्याकडे तोंड करून बोला, मला ऐकू येत नाही. सगळे गप्प झाले, ते दिसलं. मग हात वर केला. झेरॉक्सवाला जिन्याखाली बसणार आहे. त्याच्या दारातही उतार करून देतोय, गवंडी तोच.

कानाला मशीन लावलंय. पहिल्या दिवशी न्हावा शेवाच्या कंटेनरांचे हॉर्न ऐकले आणि काढून खिशात टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा घातलं. रविवारी फोन कर. भाऊजींनाही जवळ बसव.

होता तेवढा लोभ राहू दे, जास्त मागत नाही.

दादा

ता. क. गुरुवारी माझ्याबरोबर आपला विठू मुकादमही कट्ट्यावर येतो. हादियानं त्याची बाराची खूण सुधारून दिली. गेली चार वर्षं सळई पडली की तोच मला लांबून बोटांनी सांगतो.