अर्पिता धम्मपाल वगैरे

तलमडुगु,
मंगळवार, दुपार

आदरणीय धम्मपालराव भाऊजी यांना थोरला मेहुणा मोतीराम याचा हात जोडून जयभीम. आमची जयवंता बरी असेलच. तिच्या गुडघ्याला निरगुडीचा पाला बांधत जा, आणि बांधला नाही तर भावाने विचारलं होतं एवढं तरी तिला सांगा. तिकडे निर्मल गावात ऊन फार आहे असं ऐकतो. इकडेही आहे. तुमची शाळा, तुमचं पोट, दारातलं लिंबाचं झाड, सगळं ठीक असावं. फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही मधेच बोलता (गुरुजी लोकांची सवय, राग मानू नये) आणि मग पुढचं सांगायचा माझा धीर जातो. तेव्हा कृपा करून हे पत्र बसून वाचावं, शेवटपर्यंत वाचावं, आणि आधी पाणी पिऊन घ्यावं. काळजीचं काही नाही. म्हणजे आहे, पण जिवाचं नाही.

आपल्या मंडळाने वधू-वर मेळाव्याचं काम माझ्या गळ्यात घातलं, ते मी तहसिलीच्या रेकॉर्ड रूममध्ये जन्म काढला म्हणून. आमच्या पोराने, करणने, हैदराबादहून त्याचा जुना कॉम्प्युटर पाठवला, आणि लोक आपापल्या मुलामुलींचे बायोडाटे आणि फोटो आणून त्यात टाकून जाऊ लागले. जो येईल तो सरळ पडद्यावर टाकी. पडद्यावर मी तथागतांचं चित्र लावलं होतं. थोड्याच दिवसांत त्यांच्या शांत चेहऱ्यावर कोणाचा तरी बी.एड. झालेला मुलगा आला आणि कानाशी एक घटस्फोटित, अपत्य नाही. मला ते पाहवेना. शेवटी व्हिडिओ लावून शिकलो. (शिकवणारा हिंदीत इतका भराभर बोलतो की त्याच्या मागे कोणी लागलं असावं.) फोल्डर करायचा, फोल्डरच्या पोटात फोल्डर, जसं जिल्ह्यात मंडल आणि मंडलात गाव. मुली एकीकडे, मुलं एकीकडे, बायोडाटे वेगळे, फोटो वेगळे. नावाने रांग लावता येते, तारखेने येते, वजनानेसुद्धा येते. वजनाने लावली तर एक सावळासा मुलगा सगळ्यांच्या वर आला. मला वाटलं, घराणं वजनदार असेल. तुमची वहिनी सखूबाई म्हणाली, फोटो मोठा काढला असेल. तिला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, पण हे तिचं बरोबर निघालं.

इथवर सगळं ठीक होतं. पण माणसाला एखादी गोष्ट जमायला लागली की तो गप्प बसत नाही. व्हिडिओत सांगितलं होतं की सगळ्या फाइली एकदम निवडून त्यांना एकदम नाव देता येतं. आता तुम्हाला दफ्तराची रीत माहीत नसेल. आमच्याकडे कागदांचा गठ्ठा बांधला की वर एक चिठ्ठी लावायची, त्यावर पहिल्या कागदातल्या माणसाचं नाव आणि पुढे 'वगैरे'. 'किसन लक्ष्मण वगैरे' म्हटलं की किसनचे भाऊ, चुलते, बांधावरून भांडणारे शेजारी, सगळे त्यात आले. निजामाच्या वेळेपासून असंच चालत आलं आणि कोणाचं काही अडलं नाही. मी मुलींचे सगळे फोटो निवडले आणि मायेने, भाऊजी, केवळ मायेने, आपल्या पोरीचं नाव पहिलं धरून लिहिलं, 'अर्पिता धम्मपाल वगैरे'. माझी समजूत अशी की चिठ्ठी गठ्ठ्यावर लागेल. त्याने ती एकेका पोरीच्या कपाळावर लावली. अर्पिता धम्मपाल वगैरे एक, अर्पिता धम्मपाल वगैरे दोन, असं करत जिल्ह्यातली लग्नाची प्रत्येक मुलगी तुमची झाली. मला तेव्हा त्यात वावगं वाटलं नाही, उलट शेताला सर्व्हे नंबर पडावेत तसं नीटनेटकं वाटलं. मी कॉम्प्युटर रीतसर बंद केला आणि वर फडकं टाकलं. (तेव्हाच्या तेव्हा उलटं फिरवलं असतं तर जुनी नावं परत आली असती, हे आता कळलं. बंद करून उघडल्यावर तो मागचं विसरतो.)

नंबर एक म्हणजे अर्पिताच असणार, कारण चिठ्ठीवर नाव वरच्याच कागदाचं असतं. भाचीचा फोटो हाताशी असावा म्हणून तेवढा एक फोल्डरातून ओढून पडद्यावर ठेवला. ठेवताना त्याच्या कोपऱ्यात छोटासा बाण आला. मी समजलो, रवाना करायच्या कागदावर असतो तसा काही शेरा असेल. तेवढ्यात गुडीहत्नूरचे भगवानराव मुलासाठी स्थळ पाहत आले. मुलगा हर्षदीप, सरकारी दवाखान्यात औषधं देतो, सुपारीसुद्धा खात नाही. मी अर्पिताचा बायोडाटा आणि तो बाणवाला फोटो त्यांच्या पेन ड्राइव्हवर टाकून दिला. उघडून पाहिला नाही. चिठ्ठी वाचल्यावर पुन्हा गठ्ठा सोडून पाहायची सवयच मला नाही. मग त्यांचा निरोप आला, पसंत आहे, रविवारी येतो. तुम्हाला मीच फोन केला. तुम्ही शाळेत पेढे वाटले, जयवंता फोनवर रडली. इकडे मीही रडलो, सखूबाईला दिसणार नाही असा.

काल सहज तो नंबर एक उघडला. ती आपली अर्पिता नव्हती. ती वृषाली, इथल्या अंगणवाडीत आहे ती. गोरीगोमटी, हनुवटीपासून कपाळापर्यंत चेहरा साफ.

भाऊजी, आपल्या पोरीच्या हनुवटीवरचा पांढरा डाग किती लोकांनी पोहे खाता खाता पाहिला आणि 'घरी जाऊन कळवतो' म्हणाले, ते तुम्हाला मी काय सांगावं. त्यानंतर तिनेच मला बजावलं होतं, "मामा, या खेपेले फोटोत डाग दिसला पाह्यजे. ज्याले यायचं तो पाहून येईल. मी आता कोनाले चहा देत बसत नाही." मुद्दाम त्या बाजूने तिने फोटो काढून दिला होता. आणि मी मंडळींना साफ चेहरा पाठवून मोकळा झालो. आता रविवारी ते येतील, पोरगी चहा घेऊन बाहेर येईल, आणि त्यांचे चेहरे उतरतील. मोतीरामने फसवलं म्हणतील. मला काय म्हणायचं ते म्हणोत. पण ते ऐकायला ती तिथंच उभी असेल. तिचा खरा फोटो मिळावा म्हणून शोधायच्या चौकटीत 'अर्पिता' लिहून पाहिलं, तर अर्थातच सगळ्याच आल्या. मग चित्रं मोठी करून एकेक चेहरा पाहत गेलो, तेव्हा तिचा सापडला. फार चांगला आला आहे हो फोटो. सरळ आपल्याकडे बघते.

बाकी सर्व क्षेम. कापूस बरा आहे, डुकरांनी ज्वारी तुडवली. जयवंतेस आशीर्वाद.

आपला,
मोतीराम

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. भगवानरावांना सांगायला मी काल चार वेळा फोन हातात घेतला, आणि चारही वेळा खाली ठेवला. तुम्हाला वर्गापुढे बोलायची सवय आहे, तेव्हा हा फोन तुम्हीच करावा. नंबर मागे लिहिला आहे. अर्पिताला मात्र यातलं काही कळू देऊ नका.

ता. क. दुसरा (बुधवार) पत्र टाकायला निघालो तर सखूबाईने हातातून घेऊन वाचलं. सरळ भगवानरावांच्या घरी, मुलाच्या आईला, रुक्माबाईंना फोन लावला. निघालं ते असं, की तो फोटो त्यांच्याकडे उघडलाच नाही. बाणवाला म्हणजे फोटो नव्हेच म्हणे, फोटो कुठे ठेवला आहे ते दाखवणारी नुसती खूण. फोटो माझ्याच घरी राहिला आणि खूण गुडीहत्नूरला गेली. त्या लोकांनी भिडेपोटी विचारलं नाही, बायोडाटा वाचूनच पसंत केलं. माझा जीव भांड्यात पडला. पण सखूबाई थांबली नाही. "बाई, पोरीच्या हनुवटीवर पांढरा डाग हाये. खरा फोटो पाठवून राह्यलो. पाहून सांगा." रुक्माबाई 'पोराले दाखवतो' म्हणाल्या. फोटो पाठवला आहे. या वेळी उघडून पाहिला, सखूबाईलाही दाखवला.

ता. क. तिसरा (बुधवार, संध्याकाळ) पहिल्या ता. क. मधली शेवटची सूचना सोडून द्या. सखूबाईने अर्पितालाही फोन करून सगळं सांगितलं. मला वाटलं, पोरगी रडेल, नाहीतर माझ्याशी बोलणं टाकेल. तिने ऐकून घेतलं आणि मला फोनवर बोलावलं. "मामा, तुमी सगळे त्यायच्या उत्तराची वाट पाहून राह्यले. मी तो पोरगा पाह्यला का, हे कोनं इचारलं?"

भाऊजी, खरंच कोणी विचारलं नाही. तुम्ही पेढे वाटले, जयवंता रडली, मी रडलो, आणि तिला मुलगा दाखवायचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही. लाज वाटली मला. मुलांचे फोटो माझ्या सुधारणेतून वाचले आहेत, तेव्हा हर्षदीपचा लगेच सापडला आणि तिला पाठवला. पाहून सांगते म्हणाली.

आत्ता भगवानरावांचा फोन वाजतो आहे. सखूबाई म्हणते, उचला. मी उचललेला नाही. आधी आपल्या पोरीचं कळू द्या.