न्येपीतली तबकडी

शके १९४७, वर्षाचा पहिला दिवस
दुपार कलल्यावर

प्रिय सुकर्ती,

ओम् स्वस्त्यस्तु. इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे सर्व बंद आहे. न्येपी ना आज, अख्ख्या बेटाचा मौनाचा दिवस. चूल नाही, काम नाही, कुंपणाबाहेर पाऊल नाही, करमणूक नाही. पत्रलेखन यांपैकी कशात बसतं, हे शास्त्रकारांनी सांगितलेलं नाही. माझं अक्षर पाहता करमणुकीत खासच बसत नाही, आणि तुझ्या मते मी आयुष्यात कधी काम केलेलं नाही. तेव्हा लिहितोय.

कालची मिरवणूक झकास झाली. यंदाच्या राक्षसाच्या पुतळ्याचं पोट एवढं, की चौकातल्या वळणावर तो अडकला. शेवटी आडवा करून नेला. सुआर्ता मला ब्राह्मण म्हणून मानानं गुस म्हणतो आणि वर टिंगलही करतो; म्हणाला, "गुस, साचा तुमच्यावरूनच घेतलाय." यंदा तोच गावरक्षकांचा म्होरक्या आहे. कमरेला काळं-पांढरं चौकडीचं वस्त्र गुंडाळून पहाटेपासून गल्ल्या राखतोय. त्याच्याखेरीज रस्त्यावर फक्त कुत्री, तीही दबकून.

मी अंगणात येरझारा घालतोय. देव्हाऱ्यापासून विहिरीपर्यंत, विहिरीपासून तबकडीपर्यंत. तिथे थांबतो आणि परत फिरतो. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कुठे जावं कळत नाही.

तबकडीचं सांगतो. आपल्या खोऱ्यात मोबाइलला रेंज नाही, म्हणून तर माझा धंदा चालतो. संस्कृत व्याकरण शिकलेल्या माणसाला उपग्रहाचं इंटरनेट विकण्याखेरीज येणार तरी काय? समुद्रात बुड्या मारणाऱ्या पर्यटकांचं हॉटेल, मासळीचं शीतगृह, बोटींचा कारखाना, सगळ्यांच्या छपरांवर माझ्याच तबकड्या. तर मागे ग्रामसभेत हॉटेलवाल्यानं विचारलं, "न्येपीला मोबाइलचं नेट बंद असतं, कबूल. पण आमची जोडणी थेट आभाळातून येते, ती धंद्याची आहे. ती कशाला बंद?" मी उठलो. म्हटलं, "हे उपग्रह इतके खालून पळतात, की त्यांनाही गावकरीच समजायला हवं. न्येपीतून आभाळ कुणी वगळलेलं नाही." वर दोन श्लोक ऐकवले आणि शब्द दिला, की एकही तबकडी चालणार नाही, मी स्वतः बंद करीन. लोकांनी माना डोलावल्या. मला फार बरं वाटलं. आपल्या लेकीचे, पद्मीचे दिवस भरायला तेव्हा अवकाश होता ना.

काल संध्याकाळी तुझा निरोप आला, की तिला वेळेआधीच कळा सुरू झाल्यात, तुम्ही तिकडे सोरोंग शहरातल्या मोठ्या दवाखान्यात निघालात. तोवर इथून शेवटचं विमान गेलेलं, आणि आज न्येपीमुळे विमानतळही बंद. आज उजाडायच्या आत एकेकाची तबकडी बंद करत आलो, शेवटी आपली. तोपर्यंत तुझा दुसरा निरोप नव्हता.

मघाशी सुआर्ता कुंपणापाशी आला.

"काही कळलं का पोरीचं?"

"कळणार कसं? तबकडी बंद आहे."

"मग लावा की. मी समुद्राकडे फेरी मारून येतो. मला काय दिसतंय?"

"मी सभेत शब्द दिलाय, सुआर्ता."

"शब्दाचं कौतुक मला नका सांगू. देवळाच्या साफसफाईला येतो म्हणून शब्द देता आणि घोरत पडता!"

मला हसू आलं नाही. त्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं.

"गुस, घाबरलायत तुम्ही."

एवढं बोलून गेला.

खरं आहे ते. गेल्या खेपेला पद्मीचं मूल सातव्या महिन्यात गेलं, ते तू मला याच तबकडीवरून सांगितलंस. सांगायची गरजही पडली नाही. चित्र फार स्वच्छ होतं, तू तोंड उघडण्याआधीच मला कळलं. तेव्हापासून गिऱ्हाइकाला मी वेग सांगतो, दर सांगतो, चित्र किती स्वच्छ दिसतं ते सांगत नाही. आपणही त्यावर पुन्हा बोललो नाही. तू तिच्यापाशीच राहिलीस आणि मी इथून तुला हसवत राहिलो.

आज सकाळपासून मला न कळण्याची सोय लाभलीय. जोवर तबकडी बंद, तोवर पद्मी सुखरूप, बाळ सुखरूप. या सोयीला व्रताचं नाव दिलं की ती शोभूनही दिसते. तिकडे लेक कळा सोसतेय, तू एकटी दाराशी उभी असशील, आणि इथे मी व्रतस्थ!

सुआर्ताला आत्ताच हाक मारली. म्हटलं, "फेरीला जाऊ नकोस. इथेच थांब आणि बघ. मी तबकडी लावतोय. उद्या सभेत मीच सांगेन, काय दंड करायचा तो करा."

"दंडाचं उद्या बघू," तो म्हणाला. "आधी वायर नीट खोचा. उलटी धरलीय."

तबकडी आता आभाळात वाट शोधतेय. तिला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात हे लिहून घेतो, कारण तू समोर दिसलीस की मी काहीतरी विनोद करीन. तो मनावर घेऊ नकोस. जे असेल ते सांग. या वेळी मी पडद्यासमोरून उठून जाणार नाही.

पत्राच्या शेवटी तीनदा शांती लिहायची आपली रीत. आज हात तिथे वळत नाही. जागा मोकळी सोडतोय.

तुझा, आणि आपल्या पद्मीचा,
रका