ट्रेंटचं एकट्याचं कुटुंब

टोलेडो, ४ फेब्रुवारी

ती. बर्नीताईस, धाकट्या लॉरेटाचा सा. न. वि. वि.

डुलुथच्या थंडीत तुझे गुडघे कसे आहेत? इकडे आमचा ट्रेंट मार्चमध्ये सव्वीस वर्षांचा होतोय. त्या वयानंतर मुलांना आईबापाच्या विम्यात ठेवत नाहीत, म्हणजे मार्चअखेरीस तो वॉल्टच्या कारखान्याच्या विम्यातून बाहेर. बापाकडून वाढदिवसाची भेट म्हणायची. ट्रेंट काम करतो त्या सायकलदुरुस्तीच्या दुकानात पगार बेताचा, विमा नाहीच. लहानपणापासूनचा मधुमेह, इन्सुलिन स्वतःच्या खिशातून घ्यायचं तर दुकान विकावं लागेल, आणि तेही त्याचं नाही. सरकारी विम्याचा अर्ज कर म्हणून कधीची सांगतेय. तो म्हणतो, बघतो.

शेवटी मीच अर्ज भरायला बसले. तुमच्या कुटुंबात कोण कोण, असं विचारलं होतं. आम्ही तिघं एका टेबलावर जेवतो, म्हणून तिघांची नावं घातली आणि वॉल्टचा पगारही. उगाच लपवाछपवी नको. नाश्ता पुढे ठेवून ट्रेंटची सही घेतली. आता नुसती मंजुरी यायची आहे.

लोभ आहेच, त्यात काटछाट करू नकोस.

तुझी लॉरेटा

डुलुथ, ११ फेब्रुवारी

चि. लॉरेटास, अ. उ. आ.

गुडघे जागच्या जागी आहेत. चौथीत शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी ट्रेंटचा ज्वालामुखी तूच केला होतास आणि दुसरं बक्षीस मिळाल्यावर रुसलीही तूच होतीस. अगं, आजार त्याचा आहे. त्याला विचारू दे, चुकू दे. मला मूल नाही म्हणून मला सगळं कळतं, असं तू म्हणशीलच.

तरी इन्सुलिनचं काय झालं ते आधी कळव. मला झोप लागत नाही.

वॉल्टला नमस्कार, तुला आशीर्वाद, पोराला धपाटा.

तुझी बर्नी

टोलेडो, २ मार्च

ती. बर्नीताईस, सा. न. वि. वि.

अर्ज नामंजूर. कुटुंबाचं उत्पन्न जास्त आहे म्हणे. मी फोन लावला. त्यांचं संगीत ऐकून कान किटले, तेव्हा कुठे एक बाई आली. ट्रेंट सज्ञान आहे, तुमच्याशी बोलता येणार नाही, असं तिने गोड आवाजात सांगितलं. मी म्हटलं, तो जन्मायच्या आधीपासून त्याच्या वतीने मीच बोलतेय. तिला त्याचं काही नव्हतं.

मग ट्रेंटला उठवून फोन दिला. कर भरताना आईवडील तुम्हाला त्यांच्यावर अवलंबून दाखवतात का, बायकामुलं आहेत का, असं तिने विचारलं. दोन्हीला तो नाही म्हणाला. मग तुमच्या कुटुंबात तुम्ही एकटेच, असं ती म्हणाली आणि हा खुशाल हो म्हणाला. ताई, तोंडात माझाच पॅनकेक होता. त्यावर नवा अर्ज गेला.

मला फार लागलं. त्याच्या औषधासाठी मी काहीही लिहून दिलं असतं, पण हे मला सुचलंच नसतं. आणि हाही नामंजूर झाला तर काय, या भीतीने धड रागावताही येत नाही.

पत्र लवकर पाठव, उपदेश सावकाश.

तुझी लॉरेटा

टोलेडो, २७ मार्च

ती. बर्नी मावशीस, ट्रेंटचा सा. न. वि. वि.

धपाटा पोचला. विम्याचं कार्डही आलं. औषधाच्या दुकानात मी एकटा गेलो आणि इन्सुलिन घेऊन आलो.

आई त्या फोनपासून सरळ बोलत नव्हती. रोज सकाळी विचारायची, तुमच्या कुटुंबाला पॅनकेक किती लागतील. काल इन्सुलिन ठेवायला फ्रिज उघडला, तर दारातला माझा कप्पा तिने पुसून मोकळा केला होता आणि त्यावर चिठ्ठी लावली होती, ‘शेजारचं कुटुंब’. मला हसू आलं, आणि मग बराच वेळ फ्रिजचं दार धरून तसाच उभा राहिलो. चिठ्ठी काढलेली नाही.

पुढच्या वर्षीचा अर्ज मीच भरणार. हे पत्रही मीच लिहिलं, मीच पत्ता घातला, दारातल्या टपालपेटीत ठेवून, पोस्टमनने ते उचलावं म्हणून पेटीची झेंडीसुद्धा मीच वर करणार. आईचा हात कुठेच लागलेला नाही.

माया असावी, धपाटे पुरेत.

तुझा ट्रेंट

ता. क. ताई, झेंडी खाली करून पाकीट मी आत आणलं आणि वाफेवर उघडलं. त्याने तुझ्या जुन्या घराचा पत्ता घातला होता. मी बदललाय. त्याला कळवू नकोस. — लॉरेटा